विहिरीतला माणूस समुद्रात

पप्पांचं दुकान बीडच्या बसस्टँडपासून पायी दहा मिनिटांवर आहे. तिथे मोटारी दुरुस्त होतात. आमच्याकडे नुसतं मोटार म्हटलं की विहिरीवरची पाण्याची मोटार. चारचाकीला गाडी म्हणतात. दुकानात दोन भागीदार आहेत, पप्पा आणि चाचा. चाचा आमचे नातेवाईक नाहीत. त्यांचा मोहल्ला वेगळा, सण वेगळे, पण मला आठवतं तेव्हापासून ते दुकानात आहेत, आणि पप्पा गावाला गेलेले असताना माझ्या शाळेच्या कागदांवर दोनदा त्यांनीच सही केलेली आहे.

मोटारीतलं तांब्याच्या तारेचं वायंडिंग जळालं की ते काम चाचांचं. विहिरीच्या तळाशी काही बिघडलं की पप्पांचं. पाइपच्या खालच्या टोकाला एक लोखंडी झडप असते. तिच्यात गाळ नाहीतर चिंधी अडकली की वर मोटार नुसती फिरत राहते, पाणी येत नाही. मग कुणाला तरी खाली जावं लागतं. तिकडे चकलांब्यापर्यंत आणि इकडे लिंबागणेशपर्यंत पप्पांना त्यासाठी बोलावणं यायचं. ते कमरेला दोर बांधून उतरायचे आणि दोराचं दुसरं टोक काठावर चाचांच्या हातात असायचं. एक झटका म्हणजे सैल सोड, दोन झटके म्हणजे ओढ. चाचांना पोहता येत नाही. इतकी वर्षं विहिरींच्या काठावर काढून त्यांनी पायाचा अंगठासुद्धा पाण्यात बुडवलेला नाही.

शाळेला सुट्टी असली की मी दोघांबरोबर जायचे. पान्यांची पिशवी माझ्याकडे असायची. पप्पा दिसेनासे झाले की मी मनात आकडे मोजायला लागायचे, तेही इंग्रजीत, कारण मराठीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत मी अडकायचे आणि तेवढ्या वेळात पप्पा वर आलेले असायचे. मला पोहायला त्यांनीच शिकवलं, अशाच एका विहिरीत, पाठीला पत्र्याचा बंद डबा बांधून.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, "पप्पा, खाली काय असतं?"

"काय की माय," ते डोकं पुसत म्हणाले. "दिसतंय कुटं तिथं? हातानं समजतं सगळं."

ते खरंच हातानं समजायचं. नट कितीचा आहे हे ते बोटांनी सांगायचे आणि मी पिशवीतून तोच पाना काढून द्यायचे.

तीन वर्षांपूर्वी चकलांब्याच्या एका खोल विहिरीतून ते वर आले तेव्हा उजव्या कानातून रक्त येत होतं. बीडच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याला भोक पडलंय, आता पाण्यात जायचं नाही. त्यानंतरही पप्पा दोनदा गेले. दुसऱ्यांदा वर आले तेव्हा त्यांना चक्कर येत होती, काठावर बसून त्यांनी दगड धरून ठेवला होता. त्या दिवसापासून बंद. आता दुकानाने एक कप्पी आणि साखळी घेतली आहे, पाइपच वर ओढून काढतात.

कान गेला हे आम्ही कुणाला सांगितलं नाही. असं ठरवून केलं नव्हतं. गिऱ्हाईक उजवीकडून बोलायला लागलं की चाचा मोठ्यानं तेच परत बोलायचे, जणू त्यांनाच नीट ऐकू आलं नव्हतं. "क्या बोले? पाच एचपी का मोटर? पाच का?" मग पप्पा उत्तर द्यायचे. घरी आई नेहमी त्यांच्या डावीकडे वाढायला बसायची. मीही रस्त्याने चालताना डाव्या बाजूला चालायला लागले. विहिरीत उतरणारा माणूस म्हणून त्यांचं नाव होतं. तो कानामुळे थांबला असं लोकांनी म्हणू नये, एवढंच त्यांना हवं असावं. ते कधी बोलले नाहीत. मीही फार बोलणाऱ्यातली नाही, त्यामुळे आमच्या घरात बऱ्याच गोष्टी अशाच न बोलता चालतात.

त्यांच्या मोबाईलमध्ये एक व्हिडिओ होता. कुणीतरी पाठवलेला. मालवणच्या समुद्रात एक माणूस तोंडात नळी धरून खाली बघतोय आणि त्याच्या खाली खडक, मासे, हलणारं गवत. जेवणानंतर पप्पा तो आवाज बंद करून बघायचे. एकदा मी मागून पाहिलं तर ते थांबवून थांबवून बघत होते. व्हिडिओतल्या माणसाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. तळ जिथे दिसतो तिथे ते थांबवायचे.

गेल्या डिसेंबरात आम्ही तिघं कोल्हापूरला गेलो. वायंडिंगचं एक नवं मशीन बघायचं होतं. मला नेलं ते कागद वाचायला. मी इंग्रजी शाळेत गेले तेव्हापासून घरात कुठलाही कागद आला की तो माझ्याकडे येतो. गॅसचा, बँकेचा, मोटारीच्या गॅरंटीचा. पाचवीत असताना मी चाचांच्या फ्रिजचं पुस्तक त्यांना वाचून दाखवलं होतं. मशीन सकाळी दोन तासांत बघून झालं, चाचांना ते पसंत पडलं नाही, आणि आम्ही चहा पीत उभे होतो. पप्पा समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "इथून मालवण किती हाय?"

"कायकू?" चाचा म्हणाले.

"इचारलं नुसतं."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं. मग चाचा म्हणाले, "नुसतं इचारायला कोल्हापूरला आला काय बे? चल. घर पे बोलेंगे मशीन मिली नहीं, इसलिए उदर गए."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मालवणच्या किनाऱ्यावर होतो. समुद्र मी याआधी एकदाच पाहिला होता, शाळेच्या सहलीत, आणि तेव्हा शिक्षिका घोट्याच्या वर पाण्यात जाऊ देत नव्हत्या. पप्पांनी तर पहिल्यांदाच पाहिला. मला वाटलं काहीतरी म्हणतील. ते वाकले, चूळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकले आणि म्हणाले, "मोटारीचं वाटोळं करंल हे पाणी."

वाळूत ताडपत्रीच्या सावलीला एक प्लास्टिकचं टेबल होतं आणि टेबलामागे चाळिशीची एक बाई. हवेची टाकी पाठीला लावून खाली नेतात ते वेगळं आणि वरून बघायचं ते वेगळं, हे तिने समजावून सांगितलं. पप्पांनी मधेच बोट टाक्यांकडे केलं. "ते. खालचं."

"खालचा तर खालचा," ती हसून म्हणाली. "फॉर्म भरा. खरा काय ता लिवा हां."

फॉर्म इंग्रजीत होता. पप्पांनी तो न बघता माझ्याकडे दिला आणि ते कपड्यांच्या दोरीकडे गेले. तिथे काळे रबरी पोशाख वाळत घातलेले होते आणि एक माणूस अंदाजाने माप काढून देत होता. तो पन्नाशीच्या आसपासचा, उन्हाने काळा पडलेला, पूर्वी मासेमारी करायचा असं त्याने नंतर सांगितलं. त्यालाच आम्ही दिवसभर भाऊ म्हणत होतो.

मी नाव, वय, गाव लिहिलं. मग प्रश्न सुरू झाले. हृदयविकार, नाही. दमा, नाही. फिट, नाही. सातवा प्रश्न कानाचा होता. पडद्याला भोक, इजा, शस्त्रक्रिया. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की असं असेल तर पाण्याखाली तोल जाऊ शकतो, वर आणि खाली यांतला फरक कळेनासा होऊ शकतो.

मी मान वर केली. पप्पा तो रबरी पोशाख छातीला लावून बाह्यांची लांबी बघत होते. चाचा म्हणत होते, "एकदम हीरो दिसतोस बे. म्हशीच्या कातड्याचा हीरो."

मी त्यांना जाऊन विचारू शकत होते. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, सगळ्याला न्हाई लिही, आणि त्यांनी तोंडाने सांगितल्यावर मी वेगळं लिहू शकले नसते. म्हणून मी विचारलं नाही. त्या चौकोनात 'होय'वर खूण केली, खाली त्यांचं नाव लिहिलं आणि सहीची जागा मोकळी ठेवून कागद बाईकडे दिला. मला अवघड गोष्टी अशाच करता येतात, पटकन आणि कुणाकडे न बघता.

बाईने वाचलं. मग तिने तिथूनच हाक मारली, "ओ भाऊ, ह्यांच्या कानाचा आसा हां. पडद्याक भोक आसा. खाली नाय नेऊचा."

रांगेत पुण्याकडचं एक कुटुंब होतं. सगळ्यांनी वळून पाहिलं. तीन वर्षं बीडमध्ये आम्ही जे झाकलं होतं ते तिथे वाऱ्यावर गेलं. तिथे आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं, हे मला माहीत होतं. पण पप्पांच्या मानेकडे पाहिल्यावर कळलं की त्याने काही फरक पडत नाही.

त्यांनी आधी पोशाखाच्या बाह्या आत घेतल्या, मग तो मधोमध दुमडला, दुकानातून आणलेला शर्ट आई घडी करते तसा, आणि टेबलावर ठेवला. "चहा कुटं मिळतो?" एवढंच बाईला विचारलं आणि तिकडे चालू लागले.

"कायकू लिखी बेटा?" चाचा माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले. "इतक्या लांब आणलं त्याला. दहा मिनिटांचं काम होतं. कोण बघायला बसलं होतं?"

"चाचा, तिथे दोर नाही," मी म्हणाले.

ते म्हणाले, "हाँ, वो बी हाय," आणि पप्पांच्या मागे चहाच्या टपरीकडे गेले.

मी टेबलाजवळच्या उलट्या टोपलीवर बसून राहिले. आपण बरोबर केलं हे कळत होतं आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता. आता आम्ही बसने परत जाणार होतो, दिवसभराच्या प्रवासात यावर कुणी एक अक्षर बोलणार नव्हतं, आणि घरी गेल्यावर तो व्हिडिओ मोबाईलमधून गेलेला असणार होता.

भाऊच माझ्याकडे आले. "ताई, वडील ना तुझे? खाली नाय नेता येणार. पण वरून बघू देत की. जाकीट घालायचं, चेहरा फक्त पाण्यात, नळीतून श्वास. त्या समोरच्या किल्ल्याच्या मागे पाणी शांत असतं, दहा-पंधरा फुटांवर तळ. पण कान पूर्ण बंद पायजे. आणि डॉक्टर हो म्हणाला तरच."

फोनवर बोलणं मला जमत नाही. कुणाला फोन करायचा असेल तर आधी काय बोलायचं ते लिहून काढते. त्या दिवशीही मी मोबाईलमध्ये चार ओळी लिहिल्या, दोनदा वाचल्या आणि बीडच्या डॉक्टरांना फोन लावला. मागे पेशंट खोकत होते. मी लिहिलेलं सगळं एका दमात वाचून टाकलं.

"मालवणला?" डॉक्टर म्हणाले. "तुमच्या वडिलांना मी पाण्यात जाऊ नका म्हणलो आणि ते डायरेक्ट समुद्रात गेले?"

मी लिहिलेल्यात याचं उत्तर नव्हतं. मी म्हणाले, "अजून गेले नाहीत. विचारतेय."

ते हसले असावेत. मग त्यांनी सांगितलं, कापूस, त्याला व्हॅसलीन चोपडून घट्ट बसवायचं, वरून टोपी, अर्धा तास, आणि डोकं वीतभरही खाली न्यायचं नाही. "खाली गेले तर माझ्याकडे येऊ नका म्हणावं."

टपरीवर जाऊन मी पप्पांच्या डाव्या बाजूला उभी राहिले आणि हे सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"फोन तू केला?"

"हो."

"तू?" ते चाचांकडे बघून म्हणाले, "हिनं फोन केला बघ." आणि उठले.

जाकिटावरून थोडी कुरबुर झाली. "मला? जाकीट?" पप्पा म्हणाले. भाऊ म्हणाले, समुद्रात राजाला पण जाकीट. कानात कापूस मी बसवला. रबरी टोपी घातल्यावर ते ओळखू येईनात. मी पूर्ण बाह्यांचा टीशर्ट आणि ट्रॅक पँट घातली होती, तरी होडीत मला अवघडल्यासारखं होत होतं. चाचांनी ते ओळखलं. ते होडीच्या पुढच्या टोकाला किल्ल्याकडे तोंड करून बसले आणि मी पाण्यात उतरेपर्यंत त्यांनी मान फिरवली नाही. फक्त एकदा, भाऊंनी पाण्यात घालायच्या चष्म्याच्या काचेवर थुंकून ती बोटाने चोळली तेव्हा, "या अल्ला" म्हणाले.

"धुकं येत नाही त्याने," भाऊंनी सांगितलं.

"मोटारीच्या कामात असलं कायी न्हाई बाबा," चाचा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "याच्या कंबरेला दोर कुटं बांधायचा?"

"दोर नाय लागत. ही रिंग धरायची."

"आन मी काय धरू?"

भाऊंना कळेना. पप्पा तोवर पाण्यात उतरले होते, त्यांनी तिथूनच हात हलवला. "तू होडी धर."

किल्ल्याच्या मागे खरंच लाटा नव्हत्या. खडकांची एक रांग समुद्राकडून आडवी आली होती आणि तिच्या आत पाणी एखाद्या मोठ्या तळ्यासारखं हळूहळू वरखाली होत होतं. रबरी रिंगेला पप्पा एका बाजूने धरून, मी त्यांच्या उजवीकडे आणि भाऊ पुढे. मी आधी चेहरा घातला. पहिले दोन श्वास मला घेता आले नाहीत. विहिरीत शिकलेल्या माणसाला तोंड पाण्यात असताना श्वास घ्यायचा हेच मुळात चुकीचं वाटतं. तिसरा श्वास आला, नळीतून घरघर ऐकू आली आणि मग खालचं दिसायला लागलं.

हिरवट उजेड होता. तपकिरी खडक, त्यावर मेंदूसारख्या वळ्या असलेली पोवळी, खडकांच्या फटीत काळे, लांब काट्यांचे गोळे. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे बोटाएवढे मासे एकत्र वळत होते. आवाज नव्हता. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं आणि मला बघायला भरपूर होतं. अशी जागा मला फार कमी वेळा मिळालेली आहे.

पप्पा पहिल्यांदा वर आले तेव्हा भाऊ म्हणाले, "काका, श्वास घ्या हो. दोन मिनिटं झाली, तुम्ही श्वासच घेतला नाय."

"लागला न्हाई," पप्पा म्हणाले.

"पण नळी दिलीय ती त्याच्यासाठीच ना."

पुन्हा चेहरा घातला. आता नळीतून श्वास येत होता. बऱ्याच वेळाने ते वर आले, नळी काढली.

"काय दिसला?" भाऊंनी विचारलं.

"लई भारी," पप्पा म्हणाले. "मासेच मासे."

"कौनसे रंग के?" होडीतून चाचा ओरडले.

"सगळ्या रंगाचे! लाल, निळे, सगळे!"

चाचांनी मांडीवर थाप मारली. मला बरं वाटलं. लाल मासा मला एकही दिसला नव्हता, पण त्यांना दिसला असेल.

पप्पांनी तिसऱ्यांदा चेहरा घातला तेव्हा मीही घातला आणि त्यांच्या कानातला कापूस बघायला वळले. टोपी नीट होती. मग माझी नजर त्यांच्या चष्म्यावर गेली. काचेमागे त्यांचे डोळे मिटलेले होते. नुसते मिटलेले नाही, डोक्यावरून तांब्या ओतताना लहान मूल मिटतं तसे, कपाळाला आठ्या घालून आवळलेले. आणि खाली त्यांचा मोकळा हात पाण्यात चाचपत होता. बोटं उघडत होती, मिटत होती, वळत होती. ते नट शोधत होते.

विहिरीत पप्पा डोळे उघडत नसत. गाळ आणि गंज डोळ्यांत जातो. चेहऱ्याला पाणी लागलं की डोळे मिटायचे, ही सवय इतक्या वर्षांची होती की आता पुढे काच आहे हे त्यांच्या पापण्यांना कळलंच नव्हतं. कदाचित त्यांनाही कळलं नव्हतं. काळोखच दिसला असणार. आणि वर येऊन त्यांनी लाल-निळे मासे सांगितले, माझा फोन आणि चाचांचा मालवणपर्यंतचा प्रवास वाया गेला असं आम्हाला वाटू नये म्हणून.

आता मला पुन्हा तेच करायचं होतं जे सकाळी टेबलावर केलं होतं, त्यांचं झाकलेलं उघडं करायचं. मी गप्प राहिले असते तर ते आनंदाने बीडला गेले असते, दुकानात सगळ्यांना रंग सांगितले असते. कुणाला कळलं नसतं. पण तळ न बघताच ते परत गेले असते, आणि हे एकट्या मला माहीत राहिलं असतं.

भाऊंनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "दहा मिनिटं हां अजून."

मी उजवीकडे होते. तिथून बोलले असते तर त्यांना ऐकू आलं नसतं, आणि मोठ्याने बोलले असते तर सगळ्यांना ऐकू गेलं असतं. मी रिंगेला धरून हळूहळू पलीकडे गेले, त्यांच्या डाव्या बाजूला, आणि त्यांच्या खांद्याला हात लावला. ते वर आले.

"पप्पा," मी टोपीची कड सरकवून त्यांच्या डाव्या कानाशी म्हणाले, "डोळे उघडा."

"उघडेच हायेत."

मी मानेनंच नाही म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग होडीकडे पाहिलं. चाचा होडीतून पाण्याकडे वाकून स्वतःची सावली बघत होते. पप्पांनी हात वर करून चष्म्याच्या काचेला बाहेरून बोट लावलं, मोटारीचं झाकण तपासतात तसं कडेकडेने फिरवलं.

"आत पानी येत न्हाई का?"

"नाही येत."

"माती?"

"नाही पप्पा. काच आहे ना."

त्यांनी नळी तोंडात घेतली, चेहरा घातला. मीही घातला. डोळे मिटलेले. पापण्या थरथरत होत्या, म्हणजे ते प्रयत्न करत होते, पण उघडत नव्हत्या. ते वर आले. "न्हाई होत," म्हणाले. आवाजात राग होता, स्वतःवरचा.

"खाली बघू नका," मी म्हणाले. "माझ्याकडे बघा. बघत बघत खाली घ्या. काच अर्धी पाण्यात आली की थांबा."

ते तसे थांबले. काचेच्या मधोमध पाण्याची रेघ हलत होती. वरच्या अर्ध्या भागातून ते माझ्याकडे बघत होते, डोळे मोठे करून, शाळेत पहिल्या दिवशी मुलं बघतात तसे. पाणी वर चढलं. त्यांनी एकदा डोळे मिटले आणि मी काचेवर बोटाने टकटक केलं. उघडले. पुन्हा मिटायला लागले, पुन्हा टकटक. मग पाणी काचेच्या वर गेलं आणि डोळे उघडेच राहिले. ते अजून माझ्याकडेच बघत होते. मी बोट खाली केलं.

त्यांची मान वळली. मला आता त्यांचे डोळे दिसत नव्हते, टोपीचा मागचा भाग दिसत होता. पण त्यांचा मोकळा हात मला दिसत होता. त्याची चाचपणी हळूहळू कमी झाली आणि मग तो थांबला. बोटं अर्धी उघडी, पाण्यात नुसती सोडलेली. इतक्या वर्षांत मी तो हात पाण्यात रिकामा कधी पाहिला नव्हता.

बराच वेळ नळीतून त्यांचा श्वास येत-जात राहिला. एकदा त्यांनी खांदा पुढे टाकला, बुडी मारायच्या आधी टाकतात तसा, आणि मी त्यांचं जाकीट पाठीमागून पकडलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे कळलं, जात नाही.

भाऊंनी रिंग हलवली. वेळ झाली होती. पप्पा वर आले, तोंडातली नळी काढली आणि भाऊंना विचारलं, "तो काळा काट्यांचा काय हाय?"

भाऊंनी नाव सांगितलं आणि पाय ठेवू नका म्हणाले.

"तीन हायेत," पप्पा म्हणाले. "दोन बाहेर आन एक फटीत. फटीतला हलतोय. आन खडकाच्या बुडाला वाळू हाय, तिथं एक चपटा मासा बसलाय, वाळूच्याच रंगाचा. हलला म्हणून दिसला."

"क्या बोला?" चाचा ओरडले. "कौनसे रंग का?"

"मातकट!" पप्पा ओरडले. "सगळं मातकटच हाय. पिवळे हायेत थोडे. लाल-बिल कायी न्हाई."

चाचा होडीत उभे राहिले. "अबे, आत्ता तर बोलला सब रंग के?"

पप्पांनी चष्मा नाकावर नीट बसवला.

"ते आधीचं," ते म्हणाले, आणि भाऊ काही बोलायच्या आत त्यांनी चेहरा पुन्हा पाण्यात घातला.